निराशा एक, कारणे तीन: शोक, नावडते काम आणि नैराश्य यांची उकल

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले, आणि त्यानंतर कित्येक महिने कार्यालयांत, लोकलच्या डब्यांत आणि लग्नाच्या पंगतींत त्यावर वाद रंगत राहिला. तासांचा हिशेब पुष्कळ झाला. मात्र काही कामांचे चाळीस तासही मणामणाच्या ओझ्यासारखे का वाटतात, आणि घरात मृत्यू होऊन गेला असेल तर तेच ओझे एकाएकी असह्य का होते, याची चर्चा त्या गदारोळात जवळपास झालीच नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीतील सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ अठरा वर्षे विमा कार्यालयात दावे तपासत आहेत. वडील सहा वर्षांपूर्वी गेले, आई गेल्याला आठ महिने झाले. हल्ली सकाळी उठवत नाही, टेबलावरची फाइल उघडायला अर्धा तास लागतो आणि रात्री जेवताना ते पत्नीला एवढेच म्हणतात, “कशातच राम वाटत नाही.” पत्नी म्हणते, आईंचे दुःख आहे, दिवसांनी कमी होईल. मित्र म्हणतो, नोकरी बदल. इंजिनिअर भाचा म्हणतो, मामा, हे डिप्रेशन आहे, डॉक्टरांना दाखवा. या तिघांपैकी कोणीही एक बरोबर असू शकतो, दोघे असू शकतात, आणि तिघेही असू शकतात. खरी पंचाईत तिथेच आहे.

ताप आला की आपण तापावर भांडत बसत नाही. तो मलेरियाचा, डेंग्यूचा की टायफॉइडचा हे रक्त तपासून पाहतो, कारण अंग तिन्हींत सारखेच तापले तरी औषध वेगळे असते. निराशेचेही तसेच आहे. शोक, नावडत्या कामाचा शीण आणि नैराश्याचा आजार ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपाय वेगळे आहेत, आणि मधल्या वयात ती अनेकदा हातात हात घालून येत असल्यामुळे माणूस एकावरचा उपाय दुसऱ्यावर करत राहतो.

## शोकाच्या ‘पाच पायऱ्या’ असतात का?

शोकाविषयी सर्वांत जास्त ऐकू येणारी गोष्ट म्हणजे पाच पायऱ्या: नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि अखेर स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या खऱ्या, परंतु ज्यांना स्वतःचा मृत्यू समोर दिसत होता अशा रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. त्यामुळे “मला अजून राग कसा आला नाही” किंवा “आठ महिने झाले तरी स्वीकार का होत नाही” ही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. शोक जिन्यासारखा चढत नाही.

तो कसा चालतो याचे अधिक पटणारे चित्र नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये रेखाटले. त्यांच्या मते शोक करणारा माणूस दोन दिशांना आळीपाळीने तोंड करतो. कधी तो गेलेल्याकडे वळतो: फोटो काढून बसतो, रडतो, शेवटचे बोलणे पुन्हा पुन्हा आठवतो. कधी तो पुढच्याकडे वळतो: गॅसचे कनेक्शन नावावर करून घेतो, मुलाची फी भरतो, आई करायची ती चकलीची भाजणी पहिल्यांदा स्वतः करून पाहतो. यातली कोणतीही एक दिशा खरी आणि दुसरी पळपुटी, असे नाही. ही येजा चालू राहणे म्हणजेच शोक नीट चालू असणे, आणि माणूस कायमचा एकाच बाजूला अडकला तर काळजी करायची.

हे समजायला कर्जाचा हप्ता आठवावा. मोठे कर्ज कोणी एकरकमी फेडत नाही. महिन्याला जमेल तेवढे भरतो आणि मधल्या दिवसांत भाजी आणतो, सिनेमा पाहतो, हसतोही. शोकही असाच हप्त्याने फेडला जातो. म्हणून आई गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात एखाद्या विनोदावर हसू फुटले तर ती कृतघ्नता नसून दोन हप्त्यांमधली उसंत असते. आणि हप्ता अजिबातच भरला नाही, म्हणजे सारखे कामात स्वतःला बुडवून घेतले, तर थकबाकी वाढते.

कागदपत्रांची कटकट या दृष्टीने पाहिली की थोडी सुसह्य होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, मग दाखल्याच्या प्रती, बँकेतील नामनिर्देशन, गावाकडे जमीन असेल तर सातबारावर वारस नोंद. ज्या हाताने आईला शेवटचे पाणी पाजले त्याच हाताने तिच्या नावापुढे ‘मयत’ लिहायचे, हे क्रूर वाटतेच. तरीही ही कामे माणसाला दिवसातून तासभर पुढच्या दिशेला तोंड करायला लावतात. मात्र सगळी कामे एकाच भावंडाच्या गळ्यात पडली, तर त्याला मागे वळून रडायला वेळच उरत नाही, आणि आपल्या घरांत हे फार वेळा घडते.

## सुतक, दहावा आणि कावळा

आपल्या पूर्वजांना हे सिद्धांत ठाऊक नव्हते, पण वेळापत्रक ठाऊक होते. सुतकाचे दहा दिवस घरात चूल पेटवायची नाही, शेजारचे पिठले-भात आणून देणार, भेटायला येणारे तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगायला लावणार. तेराव्याला गोड जेवण करून माणसाला व्यवहारात परत सोडायचे. पुढे मासिक, वर्षश्राद्ध आणि दरसाल भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांचा एक दिवस. तीव्र शोकाला मुदत आणि सौम्य शोकाला कायमची जागा, अशी ती रचना आहे.

त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे दहाव्याचा कावळा. पिंडाला कावळा शिवेना की घाटावर कोणीतरी पुढे होऊन मोठ्याने म्हणतो, “धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत.” कावळ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, गेलेल्याचे काय राहून गेले होते हे दहा माणसांसमोर उच्चारणे आणि ते आपल्या शिरावर घेणे, ही मनासाठी फार मोठी घटना असते. १९९० च्या दशकात पाश्चात्त्य संशोधकांनी, गेलेल्याशी नाते तोडणे म्हणजे बरे होणे हा आपला जुना समज सोडला आणि ते नाते वेगळ्या रूपात चालू राहणे बहुधा निरोगी असते असे मांडले, तेव्हा पितृपक्ष पाळणाऱ्या घरांना त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. माझ्या फोनमध्ये वडिलांचा क्रमांक अजून आहे आणि तो पुसण्याचा माझा विचार नाही.

विधींचे गोडवे गाण्याचा मात्र हेतू नाही. तेराव्यासाठी कर्ज काढणारी घरे आणि विधवांना वाळीत टाकल्यासारखे वागवणारे घाट याच परंपरेत आहेत, आणि विधी न मानता देहदान करणारी किंवा झाड लावणारी कुटुंबेही आपला शोक तितक्याच मनापासून करतात. मुद्दा एवढाच, की जुन्या रचनेतला वेळ आणि माणसे गेली आणि त्यांच्या जागी फारसे काही आले नाही. खासगी नोकरीत शोकासाठी वेगळी रजा देण्याचे सर्वसाधारण कायदेशीर बंधन आपल्याकडे नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वर्षाला आठ नैमित्तिक रजा देतो. सुतक दहा दिवसांचे असते.

## मग शोक आजार कधी ठरतो?

बहुतेक वेळा ठरत नाही. परंतु काही जणांचा शोक गोठतो. गेलेल्याची ओढ रोज, दिवसभर, पहिल्या आठवड्याइतक्याच तीव्रतेने छळते, मृत्यू खरा वाटत नाही, आपलाच एक भाग मेला असे वाटते, आणि घर-नोकरी चालवणे अशक्य होते. याला ‘दीर्घकालीन शोकविकार’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, त्याचा समावेश असून तिथे किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या त्याच वर्षी सुधारलेल्या नियमावलीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. त्या त्या समाजाच्या रीतीपेक्षा हा शोक स्पष्टपणे अधिक असावा, अशी अटही दोन्हीकडे आहे, आणि ती महत्त्वाची आहे, कारण वर्षभर सण न करणाऱ्या समाजात सहा महिन्यांनी दिवाळीला आकाशकंदील न लावणे हे लक्षण नव्हे.

यावर स्वाभाविक आक्षेप असा, की आता दुःखालाही आजार ठरवून औषधे विकायची का. ही भीती अनेक तज्ज्ञांनीही बोलून दाखवली आहे, त्यामुळे ती उडवून लावता येणार नाही. पण निदानाचा उपयोग दुसऱ्या टोकालाही होतो. अनेक अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र छाननी झाली तेव्हा शोकग्रस्त प्रौढांपैकी सुमारे दहात एकाला असा गोठलेला शोक आढळला. याचा अर्थ उरलेल्या नऊ जणांना शोकावरच्या उपचारांची गरज नाही, आणि त्या एकाला “वेळ हेच औषध” असे सांगत राहणे हा अन्याय आहे.

## शोक आणि नैराश्य: फरक कुठे पाहावा

शोक समुद्राच्या लाटेसारखा येतो. आईच्या पातळाचा वास आला, कोणी तिच्यासारखी हाक मारली, की लाट फुटते; ओसरते तेव्हा माणूस चहाची चव घेऊ शकतो. नैराश्य हे पावसाळ्यातल्या ओलीसारखे असते: कारण असो-नसो, भिंतीत सगळीकडे भिनलेली. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडणे, ही त्याची ओळख.

दुसरी खूण अधिक उपयोगी आहे. शोक करणारा म्हणतो, “तिच्याशिवाय जग रिकामे झाले”, नैराश्यातला म्हणतो, “मीच रिकामा आहे, मी कुणाच्या कामाचा नाही.” स्वतःविषयीचा तिटकारा शोकात सहसा नसतो. आईला वेळेवर मोठ्या दवाखान्यात न्यायला हवे होते, अशी टोचणी शोकातही असते, पण ती त्या एका गोष्टीपुरती राहते. तिचे रूपांतर “मी माणूस म्हणूनच नालायक” या निकालात होऊ लागले की सावध व्हावे. आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. २०१३ पर्यंत अमेरिकी नियमावलीत मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत नैराश्याचे निदान सहसा टाळण्याची तरतूद होती, ती याच कारणाने काढली गेली: दुःखाला सबळ कारण आहे म्हणून आजार नसेलच, असे होत नाही. पावसात भिजलेल्यालाही न्यूमोनिया होऊ शकतो.

## नावडत्या कामाचे काय?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएन्थाल नावाचे एक गिरणगाव होते. १९३० च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सारे गाव बेकार झाले. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन पाहिले, तर हाती अमाप वेळ असूनही लोक वाचनालयातून पूर्वीपेक्षा कमी पुस्तके नेत होते, आणि रस्त्यावरचे पुरुष सावकाश, थांबत थांबत चालत होते. १९८२ च्या संपानंतरचे गिरणगाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. याहोडा यांनी यातून पुढे असे मांडले, की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी गुपचूप देत असते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसे, सामायिक हेतू, समाजातली ओळख आणि नियमित हालचाल.

या पाच गोष्टी नावडत्या नोकरीला लावून पाहाव्यात. आपल्या विमा कार्यालयातील गृहस्थांना दिवसाचा आकार मिळतो, डबा खाताना चार माणसे मिळतात, ओळखही मिळते. हरवला आहे तो हेतू. म्हणजे नोकरी पूर्ण निकामी नाही, तिचे एक खाते रिकामे आहे, आणि शोकाच्या काळात उरलेली खाती अचानक बंद केली तर माणूस मारीएन्थालच्या रस्त्यावर येऊन उभा राहतो. मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षात राजीनामा, घरविक्री यांसारखे मोठे निर्णय शक्य असल्यास पुढे ढकला, असे समुपदेशक सुचवतात, त्यामागचे व्यवहारी कारण हेच आहे.

पण आई गेल्यावरच ही नोकरी एवढी पोकळ का वाटू लागली? याचे उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे असे आहे. आपल्याकडे अनेकांनी नोकरी स्वतःच्या आवडीने निवडलेली नसते. ती आईवडिलांच्या काळजीवरचा उतारा म्हणून धरलेली असते. ‘पर्मनंट झालो’ हे वाक्य ज्यांना सांगण्यासाठी होते, बढतीचे पेढे ज्यांच्यासमोर ठेवून नमस्कार करायचा होता, ती माणसे गेली की कामाचा प्रेक्षकच उठून जातो. प्रगतिपुस्तकावर सही करणारे कोणी उरत नाही. मराठीत आईवडील गेल्यावर पन्नाशीच्या माणसालाही ‘पोरका’ म्हणतात, त्यात हे आले. अशा वेळी कामाचा कंटाळा हा पुष्कळदा शोकाचाच एक हप्ता असतो, आणि तो ओळखू आला की नोकरीवरचा राग थोडा निवळतो.

जो उरतो, तो खरा कामाचा प्रश्न. त्यावर एमी व्हझेसनिएव्स्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधकांनी २००१ मध्ये एक उपाय सुचवला: आहे त्याच कामाची आतून फेररचना. रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांच्या अभ्यासाचा दाखला त्यांनी दिला होता. काही जण फक्त फरशी पुसत होते. काही जण तेच काम करता करता रुग्णांशी आणि नातेवाइकांशी बोलत होते आणि स्वतःला रुग्ण बरा होण्याच्या प्रक्रियेतला भागीदार मानत होते. दावे तपासणारा माणूसही नवऱ्याच्या दाव्यासाठी आलेल्या बाईला अर्ज भरून देण्याचे काम आपणहून घेऊ शकतो, आठवड्यातून दोनदा.

हे ऐकून कोणी म्हणेल, की ही तर मालकाची सोय झाली: काम तेच, पगार तोच, फक्त मनाची समजूत काढा. आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना कामामुळे येणाऱ्या पूर्ण थकव्याला, ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात, व्यक्तीचा आजार मानत नाही. कामाच्या ठिकाणच्या दीर्घ आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम आहे, अशी तिची व्याख्या आहे. पिळवणूक होत असेल तर फेररचना मनाची नव्हे, कामाच्या तासांची आणि माणसांच्या संख्येची करायची असते.

## हापसा आणि तांब्याभर पाणी

नैराश्याच्या आजारात “आधी मन उभारी धरू दे, मग बाहेर पडेन” हा हिशेब उलटा असतो. जुना हापसा कोरडा पडला की कितीही दांडा हलवला तरी पाणी येत नाही. आधी वरून तांब्याभर पाणी ओतावे लागते. त्याप्रमाणे, मन लागत नसतानाही ठरवून केलेली लहान कृती आधी येते आणि रुची तिच्या मागून. या पद्धतीला ‘वर्तनसक्रियता’ म्हणतात, आणि तिची एक महत्त्वाची परीक्षा आपल्या शेजारी गोव्यात झाली.

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० जणांवर हा प्रयोग केला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले होते, आणि त्यांनी यांतल्या सुमारे निम्म्या जणांना प्रत्येकी सहा ते आठ बैठका दिल्या. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते, तर ज्यांना केंद्रातील नेहमीचीच, पण थोडी सुधारलेली सेवा तेवढी मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. मला यात दोन्ही आकडे मोलाचे वाटतात: पद्धत काम करते, आणि तरीही शंभरातील छत्तीस जणांना तिच्यापलीकडचे काही लागते.

## उरलेल्या शंका

औषधांची सवय लागेल, ही भीती सर्वत्र आहे. नैराश्यावरची नेहमीची औषधे दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसारखे व्यसन लावत नाहीत. मात्र ती मनाने एकदम बंद केली तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागतात. शोकावर मात्र गोळी नाही. शोकासोबत नैराश्य असेल तर गोळी त्या नैराश्यावर असते.

मरणाचे विचार बोलून दाखवले तर पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले, आणि जुलै २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो जुना गुन्हा राहिलेला नाही. असे विचार मनात येत असतील तर आज कोणाला तरी सांगावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तिथे बोलायला निदान ठाऊक असावे लागत नाही. “आई गेली, काम होत नाही, झोप लागत नाही” एवढे सांगितले तरी पुरते.

सांगलीचे ते गृहस्थ समुपदेशकाकडे गेले आहेत असे समजू. पहिल्या बैठकीत त्यांना विचारले जाईल, की पूर्वी काय करत होतात जे आता करत नाही. ते म्हणतील, रविवारी पहाटे कृष्णेच्या घाटावर जात होतो, आणि गुरुवारी आईला घेऊन भजनाला. मग एका कागदावर आठवडा आखला जाईल: रविवारी घाट, वीस मिनिटे; मंगळवारी दुपारी एका दावेदाराला अर्ज भरून देणे; शनिवारी मयताच्या दाखल्याची प्रत धाकट्या भावाने आणणे. गुरुवारची ओळ समुपदेशक रिकामी ठेवतील आणि विचारतील, इथे काय लिहायचे.